मोकलांचं हवाबंद घर

"हवा या विषयात मला शिकवणारा माणूस अजून रायगड जिल्ह्यात जन्माला यायचाय!"

सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून जगन मोकल हे म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोने, नम्रताने, कपाळाला हात लावण्यासाठी हात उचलला होता. पण मध्येच खोकल्याची उबळ आली आणि तो हात तोंडावर गेला.

जगनचं बोलणं अगदीच पोकळ होतं असं नाही. तो बावीस वर्षं धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता आणि त्यातली नऊ वर्षं सेफ्टी कमिटीवर. प्लांटमध्ये कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते तो नुसत्या नाकाने सांगायचा. मार्चच्या सेफ्टी सप्ताहात तर त्याने रोह्यातल्या आपल्या सोसायटीलाही सोडलं नाही. गॅस गळती झाली तर ओला रुमाल नाकाला लावायचा, वाऱ्याची दिशा बघायची, वाऱ्याला आडवं चालायचं, धावायचं नाही, आणि समोरच्या शाळेच्या मैदानात जमायचं! चोवीस फ्लॅटच्या माणसांकडून त्याने हे तीनदा म्हणवून घेतलं. सोसायटीचे चेअरमन हैबतराव हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले. त्यांनी तर सगळं डायरीत उतरवलं आणि जुनी शिट्टी शोधून गळ्यात अडकवून ठेवली. आंघोळीलाही ती काढत नसत म्हणे!

अडचण एवढीच होती, की या तज्ज्ञाच्या बायकोलाच जानेवारीपासून खोकला होता.

सिरप झालं, काढा झाला, हळदीचं दूध झालं. खोकला आपला घरजावयासारखा ठाण मांडून बसलेला! संध्याकाळी स्वयंपाक सुरू झाला की वाढायचा, अंथरुणावर पडलं की आणखी वाढायचा. छातीतून बारीक शिट्टी वाजायची. गंमत म्हणजे फेब्रुवारीत ती चार दिवस माहेरी, गागोद्याला गेली, तर खोकला गायब. परत आली, दोन दिवसांत पुन्हा सुरू.

"बघितलंस?" मार्चअखेरीस एकदा जगन मांडीवर थाप मारून म्हणाला. "गागोद्याला कंपन्या नायत, ट्रक नायत, धूळ नाय! म्हणजे खोकला येतोय कुठून? बाहेरून! आता बाहेरची हवा घरात येऊच द्यायची नाय!"

"अहो, पण तिकडे दारं-खिडक्या दिवसभर उघडी..." नम्रता सांगायला लागली. पण जगन तोवर चप्पल घालून हार्डवेअरच्या दुकानाकडे निघालाही होता. स्वस्थ बसणं हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता. बातम्यासुद्धा तो येरझाऱ्या घालत बघायचा.

दुकानातून तो सिलिकॉनच्या सहा नळ्या, ती दाबायची बंदूक, रबरी पट्ट्या आणि चिकटपट्टीचे चार रोल घेऊन आला. आणि मग साप्ताहिक सुट्टीच्या एका दिवसात त्याने घर असं बंद केलं, की लोणच्याच्या बरणीलाही लाज वाटावी! चारही सरकत्या खिडक्या सिलिकॉनने चिकटवल्या. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकात थर्माकोल कोंबून वर पट्टी मारली. बाथरूमच्या काचेच्या जाळीला सिलिकॉन. गॅलरीच्या दाराला रबर. पुढच्या दाराला तर दुहेरी रबर, इतकं जाड की दार लावताना खांदा द्यावा लागायचा.

तिसऱ्या दिवशी ऑनलाइन मागवलेला एअर प्युरिफायर आला. पांढराशुभ्र, बाळसेदार, छातीवर आकडा दाखवणारा. हवा चांगली तर हिरवा दिवा, बरी तर पिवळा, वाईट तर लाल. जगनने तो हॉलच्या मधोमध, देव मांडावा तसा मांडला आणि बटण दाबलं.

लाल!

"वा!" जगन म्हणाला. "काय लगेच पकडलं! बाहेरून आत आलेली घाण हाय ही. तासाभरात साफ करेल."

तासाभरातही लाल. दुसऱ्या दिवशीही लाल. आकडा तर मुंबईच्या शेअर बाजारासारखा चढायचा. नम्रताने फोडणी दिली, चढला. देवापुढे धूप लावला, चढला. संध्याकाळी पलंगाखाली मच्छरची कॉइल लावली, तेव्हा तर मशीन असं घरघरायला लागलं की आता उड्डाण करतंय का काय! मुलगी मनस्वी बारावीची परीक्षा संपवून घरीच होती. तिने बाहेर जाताना अंगावर नुसता परफ्यूम मारला, तर मशीनने तिलाही लाल दिवा दाखवला.

"पप्पा," मनस्वी म्हणाली, "आपण काही केलं की आकडा वाढतो. म्हणजे घाण आपण घरातच करतोय ना?"

"तुला केमिस्ट्रीत किती मार्क पडतात?"

"पण पप्पा..."

"कुठूनतरी गळतंय!" जगनने बंदूक उचलली आणि सिंकखालच्या पाइपाभोवती सिलिकॉन भरलं.

आठ दिवसांत घराची तऱ्हा पालटली. गॅलरी बंद, म्हणून ओले कपडे हॉलमध्ये दोरीवर. त्यांची वाफ भिंतीत मुरून कपाटामागे काळ्या बुरशीचा नकाशा उमटला. मार्चमध्येच केलेल्या नव्या प्लायवूडच्या कपाटाचा आणि पॉलिशचा वास बाहेर जायला वाटच नाही, तो डोळ्यांत झोंबायला लागला. सकाळी उठलं की तिघांचीही डोकी जड. मनस्वी एकदा आंघोळ करून बाहेर आली ती भिंतीला धरून उभीच राहिली.

"काय झालं गो?" जगनने विचारलं.

"गरगरलं जरा."

"उन्हाळा हाय. लिंबूपाणी घे."

आणि नम्रता? तिचा खोकला वाढला. तेव्हा मात्र जगन घाबरला. शिफ्टवर असताना तो तिला दर दोन तासांनी फोन करायचा आणि ती "बरी आहे" म्हणेपर्यंत पलीकडून तीनदा खोकल्याचा आवाज यायचा. कंट्रोल रूममध्ये तो खुर्चीवरून उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. ज्या बाईने कधी डोकं दुखतं म्हणून पोळ्या चुकवल्या नाहीत, ती आता दोन जिने चढून आली की पायरीवर बसत होती. काय करू, काय करू, असं त्याचं मन दिवसभर गिरणीच्या पट्ट्यासारखं फिरत होतं. आणि करायला त्याच्या हातात एकच गोष्ट होती, सिलिकॉनची बंदूक!

अशात एप्रिलच्या एका रविवारी सकाळी गडबहून त्याची मोठी बहीण मालू आली. डोक्यावर गोणी, हातात पिशवी. गोणीत पाच किलो मिरच्या, पिशवीत धणे, दगडफूल आणि बाकीचा खडा मसाला. दोन्ही घरांचा वर्षाचा मसाला ती दरवर्षी रोह्यालाच करायची. इथल्या कांडप गिरणीच्या डंकासारखा मसाला कुठे कुटून मिळत नाही, असं तिचं ठाम मत होतं. भावाकडे मिरच्या भाजायच्या आणि गरमागरम डंकावर न्यायच्या!

आत पाऊल टाकताच मालूने नाक वर केलं.

"जगन्या, घरात काय मेलंय काय रं?"

"ताय, ही रोह्यातली सगळ्यात शुद्ध हवा हाय!"

"शुद्ध? आरं, कोंबड्यांच्या खुराड्यात यापेक्षा बरा वारा असतो. उघड ती खिडकी."

"उघडत नाय ती."

"म्हंजे?"

"चिकटवलीय."

मालूने भावाकडे, मग खिडकीकडे, मग नम्रताकडे पाहिलं. नम्रताने नुसते खांदे उडवले आणि खोकली.

"बरं, मी जाते गच्चीवर भाजायला," मालू म्हणाली. पण गच्चीच्या दारावर हैबतरावांची पाटी होती. गेल्या वर्षी मालूच्या मसाल्याने वरच्या मजल्याला असा ठसका लागला होता की 'गच्चीवर मिरच्या भाजण्यास सक्त मनाई' असं लाल रंगात लिहून टाकलं होतं.

आणि इथे जगनच्या अंगात आलं! "घरातच भाज ना ताय! मशीन कशाला आणलंय? धूर निघाला न निघाला, खाऊन टाकेल! बिल्डिंगमध्ये कुणाला वाससुद्धा यायचा नाय!"

"अहो, नको," नम्रता म्हणाली.

"पप्पा, खरंच नको," मनस्वी म्हणाली.

"जगन्या, मिरच्या हायत, जाईची फुलं नायत," मालू म्हणाली.

तीन बायकांचं एका गोष्टीवर एकमत होतं तेव्हा शहाणा माणूस थांबतो. जगनने मशीन उचलून स्वयंपाकघराच्या दारात ठेवलं आणि त्याचा पंखा सगळ्यात जोरावर केला.

मालूने मोठी कढई चढवली. शेगडीची ज्योत पिवळी होऊन फडफडत होती. "बर्नर काळा पडलाय गो नमे," ती म्हणाली आणि तेलाचा हात लावून मिरच्यांचा पहिला घाणा टाकला.

पहिल्या मिनिटाला खमंग वास आला. जगन विजयी मुद्रेने हसला.

दुसऱ्या मिनिटाला मनस्वी शिंकली.

तिसऱ्या मिनिटाला मशीनवरचा आकडा नऊशे नव्याण्णववर गेला, तिथून पुढे मोजायची सोय नसल्यामुळे दोनदा लुकलुकला, आणि मशीनने मान टाकली!

मग जे झालं ते सांगता येत नाही, त्याचा फक्त ठसका लागतो. धूर छताला लागला, तिथे वाट मिळेना म्हणून खाली उतरला. घरभर लाल, तिखट, जिवंत हवा! मालूने शेगडी बंद केली, पण कढईत मिरच्या करपत होत्याच. मनस्वी डोळे चोळत भिंतीवर आपटली. जगन "घाबरू नका! घाबरू नका!" असं ओरडायला गेला, पण त्यातला 'घा' तेवढा बाहेर पडला, बाकी खोकला!

आणि मग त्याला नम्रता दिसली. ती दोरीवरचे ओले कपडे धरून वाकली होती. खोकत नव्हती. खोकायलाच श्वास नव्हता. छातीतली ती शिट्टी आता तोंडातून येत होती आणि डोळे मोठे झाले होते.

जगन खिडकीवर तुटून पडला. खिडकी हलेना! त्याने दोन्ही हातांनी ओढली, पाय लावून ओढली, बत्त्याने ठोकली. काच तडकली पण निघाली नाही. सिलिकॉन उत्तम प्रतीचं होतं. दुकानदाराने दहा वर्षांची खात्री दिली होती!

"दार! दार उघड!" मालू ओरडली.

दुहेरी रबर उष्णतेने फुगलेलं. कडी निघाली, दार निघेना. शेवटी मालूने, जिने जन्मभर मिठागरात पाट्या उचलल्या होत्या, भावाला कॉलर धरून बाजूला केलं, कडीत दोन्ही हात घातले आणि असा हिसका दिला की दार रबरासकट अंगावर आलं! जगनने नम्रताला उचललं आणि जिना उतरायला सुरुवात केली. मागून मनस्वी, तिच्यामागे मालू. आणि त्या चौघांच्या मागून, पुढून, वरून आणि खालून धूर!

जिन्यातून तो धूर फुकटच्या पाहुण्यासारखा प्रत्येक दारात शिरला. खाली पहिल्या मजल्यावर कुणीतरी खोकलं. वर चौथ्या मजल्यावर कुणीतरी किंचाळलं, "गॅस! कंपनीचा गॅस आलाऽऽ!"

आणि मग शिट्टी!

हैबतराव अर्धी दाढी झालेल्या अवस्थेत, लुंगीवर, नाकाला ओला टॉवेल बांधून जिन्यात उभे होते. "धावायचं नाही! धावायचं नाही! वाऱ्याला आडवे चला!" चोवीस फ्लॅटची माणसं नाकाला ओले रुमाल, पदर, एकाने तर ओली उशी लावून, एका रांगेत, खेकड्यासारखी तिरकी तिरकी मैदानाकडे निघाली. जगनने शिकवलेली एकही गोष्ट कुणी चुकवली नाही. त्याच्या नऊ वर्षांच्या सेफ्टीच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात यशस्वी ड्रिल होती, आणि नेमक्या त्याच वेळी कुठे तोंड लपवावं हे त्याला कळत नव्हतं!

"हैबतराव," तो कसाबसा म्हणाला, "अहो, गॅस नाय, मिरच्या..."

"बोलू नका, मोकल! नाक झाका! मी तुमच्या कंपनीला फोन केलाय!"

"काय?"

लांबून सायरन ऐकू आला.

तोवर नम्रताला मैदानाच्या कडेला सावलीत बसवलं होतं. तळमजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टर ऋतुजा पेशंटसकट रांगेतून आल्या होत्या. त्यांनी तिला पुढे वाकवून बसवलं, बॅगेतला दम्याचा पंप तिच्या तोंडाला लावला. वारा खाडीकडून येत होता. पाच मिनिटांनी नम्रताचा श्वास लांब झाला, दहा मिनिटांनी तिने पाणी मागितलं. जगन तिच्यासमोर उकिडवा बसून तिचा हात इतका घट्ट धरून होता की शेवटी तीच म्हणाली, "अहो, बोटं सोडा. मुंग्या आल्या."

"घरात मोकळी हवा येते का?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर मनस्वीने दिलं. आणि एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. आख्खी सोसायटी ओले रुमाल खाली करून ऐकायला लागली.

"घरात कॉइल लावता?"

"रोज. पलंगाखाली."

"धूप?"

"दोन वेळा."

"एक्झॉस्ट फॅन?"

"थर्माकोल."

"कपडे?"

"हॉलमध्ये. भिंतीला बुरशी आलीय. आणि शेगडीची ज्योत पिवळी आहे, आत्याने आत्ताच सांगितलं."

"पाणी कशावर तापवता?"

"बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे."

डॉक्टरांचा हात थांबला. "बाथरूमची जाळी उघडी आहे ना?"

मनस्वीने पप्पांकडे पाहिलं. जगनला आपल्याच कानात आपलाच आवाज ऐकू आला. दर वर्षी नव्या पोरांना तो शिकवायचा, बंद टाकीत उतरण्याआधी हवा तपासा. जिथे काही जळतं आणि हवा येत नाही, तिथे माणूस खोकत नाही, नुसता झोपतो. त्याला भिंतीला धरून उभी राहिलेली मनस्वी दिसली. 'लिंबूपाणी घे', असं तो तिला म्हणाला होता! उकिडवा बसलेला तो मातीतच टेकला.

"मीच बंद केलीय," तो म्हणाला.

"मग आज घरी गेल्यावर सगळ्यात आधी ती फोडा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "बाहेरची हवा चांगलीच आहे असं मी म्हणत नाही. पण आतली घाण बाहेर जायला वाट तर हवी ना? खोकला मी बरा करीन. त्या गिझरपुढे मला काही करता आलं नसतं."

तेवढ्यात कंपनीची इमर्जन्सी गाडी येऊन थांबली. तोंडाला मास्क, पाठीला सिलिंडर अशा थाटात चौघं उतरले. त्यांचा प्रमुख होता प्रवीण, ज्याला जगननेच ट्रेनिंग दिलं होतं. ते हातात यंत्र घेऊन वर गेले. सगळी सोसायटी माना वर करून बघत होती. दहा मिनिटांनी प्रवीण खाली आला. एका हातात कढई, दुसऱ्या हातात एअर प्युरिफायरचं मागचं झाकण.

"मोकल साहेब," तो अदबीने म्हणाला, "याच्या फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी काढायची असते."

मैदानात आधी एक जण हसला. मग हैबतरावांची शिट्टी तोंडातून पडली आणि तेही हसले. नम्रताला हसताना पुन्हा ठसका लागला, पण हा बरा ठसका होता. फक्त मालू हसली नाही. ती कढईत वाकून बघत होती. "निम्म्या करपल्या," ती म्हणाली. "बाकीच्या डंकावरच भाजून घेते. जगन्या, तू गोणी उचल!"

पुढचे दोन दिवस जगनने सुट्टी टाकली आणि सुरीने सिलिकॉन खरवडून काढलं. आधी बाथरूमची जाळी, मग बाकी सगळं. थर्माकोल निघालं, फॅन फिरला. गिझर काढून बाहेर गॅलरीत बसवून घेतला, बर्नर साफ केला, ओले कपडे पुन्हा गॅलरीत गेले, बुरशी पुसून भिंत वाळू दिली, कॉइलच्या जागी मच्छरदाणी आली. समोरासमोरच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळ उघड्या राहायला लागल्या. सिलिकॉन लावायला एक दिवस लागला होता, काढायला दोन. नखं अजून दुखतायत.

तीन आठवड्यांनी नम्रता दोन जिने एका दमात चढून आली, पिशव्या खाली ठेवल्या आणि "भाजी महाग झालीय" एवढंच म्हणाली. जगन आत जाऊन तोंड धुवून आला.

पण कंपनीची गाडी सायरन वाजवत बाहेर पडली, की त्याचा रिपोर्ट भरावाच लागतो. तो भरायचा सेफ्टी कमिटीच्या माणसाने. म्हणजे जगननेच!

मिरच्यांच्या त्या रविवारीच संध्याकाळी तो टेबलाशी फॉर्म घेऊन बसला होता. 'गळती झालेल्या पदार्थाचे नाव': लाल मिरची. 'प्रमाण': एक कढई. 'बाधित व्यक्ती': सोसायटी. 'घटनेस जबाबदार': तिथे त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'सौ. मालू, राहणार गडब.'

नम्रता त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"मिरच्या तिच्याच होत्या ना!" जगन म्हणाला.

नम्रताने त्या रकान्यावर बोट ठेवलं. जगनने मालूचं नाव खोडलं आणि त्यावर आपलं लिहिलं, बॅज नंबरसकट.

पुढचा रकाना होता, 'सदर व्यक्तीवर केलेली कारवाई'. तिथे त्याचं पेन अडलं. नम्रताने ते त्याच्या हातून काढून घेतलं, खुर्ची ओढून नीट बसली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'कारवाई चालू आहे. जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडू.'